पहिल्या नंबराची दृष्ट

१० जुलै १९५८, गुरुवार

क्रमवारी ठरली. बीच रोड कॉलेज पहिलं, आमचं विद्याविलास पाचवं. पेपरात परवा छापून येईल, पण क्रीडापान सांभाळणाऱ्या शेषगिरीने आज कॉलेजच्या फोनवर स्वतः सांगितलं. मी दोनदा विचारून खात्री करून घेतली. दोन्ही वेळा पाचवंच.

मनाला लावून घेतलेलं नाही. एकूण कॉलेजं सहा आहेत.

पद्धत अशी. दर जुलैत, बास्केटबॉलचा सीझन सुरू व्हायच्या आधी, हा संध्याकाळचा पेपर सहाही टीम-इन्चार्जकडून मतं मागवतो. आपलं कॉलेज सोडून बाकीच्या पाचांना नंबर द्यायचे. बेरीज करून पेपर सांगतो, यंदा कप कोण नेणार. विद्याविलासचा टीम-इन्चार्ज मी. पोटासाठी गणित शिकवतो. बीच रोडचा इन्चार्ज राघोत्तम, माझा साडू. माझ्या बायकोची, तुळसीची, धाकटी बहीण महालक्ष्मी त्याला दिली आहे.

बीच रोडला पहिला नंबर मीही दिला. मुद्दाम दिला. गेली चार वर्षं पेपरने ज्याला पहिला नंबर दिला, तो हरला. एका वर्षी कॅप्टनला कांजिण्या, एका वर्षी सेंटरला खेळणाऱ्या मुलाचं ऐन सीझनमध्ये लग्न. सगळ्या शहराची नजर एका टीमवर खिळली की दृष्ट लागायचीच. मी गणिताचा माणूस, दृष्ट मानत नाही. पण चार वर्षांचे निकाल मानतो.

कप यंदाच हवा. युनिव्हर्सिटीचा रिवाज आहे: कप जिंकणाऱ्या कॉलेजचा इन्चार्ज युनिव्हर्सिटी टीमचा मॅनेजर होतो. आणि यंदा इंटर-युनिव्हर्सिटी डिसेंबरात पुण्याला आहे.

आमचे पूर्वज तंजावरला आले ते तिकडूनच. नंतर आमच्या घराण्यातलं कोणी परत गेल्याचं ऐकिवात नाही. मी उत्तरेला बेजवाड्यापर्यंत गेलो आहे, तेही परीक्षेच्या सुपरव्हिजनला. घरात मराठी, रस्त्यावर तमिळ, वर्गात इंग्लिश, असं आयुष्य गेलं. एकदा टांगेवाल्याशी, वाण्याशी, पोस्टातल्या माणसाशी मराठीत बोलायचं आहे, आणि त्यात काही विशेष आहे असं समोरच्याला वाटलेलंही नको आहे.

म्हणून आजपासून रोजनिशी मराठीत. सराव म्हणून.

तुळसीला सांगितलं, डिसेंबरात पुण्याला थंडी असते. ती म्हणाली, स्वेटर विणते. मद्रासमध्ये लोकर कुठे मिळते ते तिलाच ठाऊक.

१२ जुलै, शनिवार

छापून आलं. पहिल्या नंबराखाली राघोत्तमचा फोटो, सूट घालून. सूट लग्नातला, आमच्याच सासऱ्यांनी शिवून दिलेला. मला त्यांनी धोतर दिलं होतं. धोतर हवेशीर असतं.

संध्याकाळी राघोत्तम सायकलवरून मैसूरपाक घेऊन आला. मी त्याला पहिला नंबर दिल्याचं शेषगिरीने त्याला सांगितलं. मतं गुप्त असतात, असं हाच शेषगिरी मला दरवर्षी बजावतो. राघोत्तमने मैसूरपाकाचा पुडा माझ्या हातात ठेवला. म्हणाला, अण्णा, दुसऱ्या कुणी दिला असता तर एवढं वाटलं नसतं. मग म्हणाला, मीही तुम्हालाच पहिला दिला, तुमच्या टीममधल्या प्रतापसिंहासारखा पिव्होट शहरात दुसऱ्या कुणाकडे आहे?

तो गेल्यावर शांतपणे विचार केला. माझी चार वर्षांची थिअरी त्यालाही कळलेली दिसते. वरून किती साधा वाटतो.

मैसूरपाक चांगला होता. दोनच खायचे ठरवले होते.

२० जुलै, रविवार

मांबलमला सासऱ्यांकडे जेवण. भीमसेनराव रिटायर्ड पोस्टमास्तर. त्यांनी जन्मात बास्केटबॉलची मॅच पाहिलेली नाही, पण क्रमवारी वाचतात. यंदाचं कात्रण त्यांनी कॅलेंडरच्या खिळ्याला अडकवलं आहे, एकादशीच्या वर.

थोरला जावई म्हणून पंगतीत पहिलं पान माझं असतं. आज तिथे राघोत्तम. सासरे म्हणाले, आज त्याला बसू दे वादिराजा, पेपरात आलाय तो. मी म्हणालो, अवश्य. दुसऱ्या पानापर्यंत पंख्याचा वारा येत नाही, हे आज प्रथम कळलं.

सासूबाई पायस घेऊन आल्या. मी नको म्हणालो. परत आल्या, तेव्हा पानावर हात आडवा धरला. तिसऱ्यांदा आल्या तेव्हा वाटी भरून घेतली. आमच्या घरांतली ही रीतच आहे. दोनदा नको म्हटल्याशिवाय घेणारा हावरट दिसतो, आणि वाढणाराही ते समजून तिसऱ्यांदा येतोच. राघोत्तमने पहिल्याच फेरीला वाटी पुढे केली. तो बंगलोरला हॉस्टेलमध्ये वाढला. तिथे एकदा विचारतात, एकदाच ऐकतात. तो स्वतःही कुणाला दुसऱ्यांदा विचारत नाही. शेवटी संस्कार असतात.

सासऱ्यांना म्हणालो, पुण्याहून तुम्हाला काय आणू? त्यांनी राघोत्तमकडे पाहिलं. तो प्रश्न त्याने विचारला असं त्यांना वाटलं असावं.

२६ जुलै, शनिवार

संकल्प.
रोज पहाटे साडेपाचला कोर्टवर हजर राहणे.
मुलांना झोन डिफेन्स शिकवणे.
राघोत्तमचा विचार न करणे.
शुद्ध मराठी रोज अर्धा तास.

शेजारच्या घरात बँकेतले साने राहायला आले आहेत, थेट पुण्याहून बदली होऊन. त्यांच्यापासून सुरुवात केली. फाटकापाशी गाठून हवापाणी, भाजीपाला, पुण्यातले टांगे यांवर बराच वेळ बोललो. त्यांनी सगळी उत्तरं इंग्लिशमध्ये दिली. माझ्या मराठीपुढे संकोचले असावेत. हळूहळू धीट होतील.

२८ जुलै, सोमवार

उठायला सात वाजले. प्रतापसिंहाने प्रॅक्टिस घेतली म्हणे. मुलं आपणहून शिकली पाहिजेत, हे माझं मत पहिल्यापासून आहे.

प्रतापसिंह मात्र खरा खेळाडू. आमच्याच तंजावरचा, सहा फूट दोन इंच. पिव्होट म्हणून बास्केटखाली उभा राहिला की बाकीचे त्याच्याभोवती चक्कर मारत बसतात. इतर चार मुलांचं काम त्याच्याकडे बॉल पोचवणं. तेवढं त्यांना जमतं, रोज नाही.

९ ऑगस्ट, शनिवार

बीच रोडची प्रॅक्टिस पाहायला गेलो. हेरगिरी म्हणता येणार नाही, रस्ता सार्वजनिक आहे. कुंपणाबाहेर भुईमुगाच्या शेंगांची गाडी असते, तिच्या आडोशाला उभा राहिलो.

त्यांचं कोर्ट सिमेंटचं. आमचं लाल मातीचं, त्यावर सकाळी प्रिन्सिपॉलसाहेबांची गाय फिरते. त्यांच्या बास्केटला जाळ्या आहेत. आमच्या रिंगेतून बॉल गेला की नाही, यावर वाद होतात. राघोत्तमच्या गळ्यात नवी शिट्टी. माझी शिट्टी वाजते, पण तिच्यात दम लागतो.

एक गोष्ट पाहून समाधान वाटलं. त्यांना फ्री थ्रो येत नाहीत. दोन्ही हातांनी खालून उचलून टाकतात आणि बॉल रिंगेला आपटून परत येतो.

तेवढ्यात राघोत्तमने मला पाहिलं. अण्णा, बाहेर काय उभे, आत या, म्हणून खुर्ची मागवली, गोळी-सोडा मागवला. मुलांना गोळा करून म्हणाला, हे माझे थोरले साडू, गणितातले मोठे विद्वान, फ्री थ्रोचं यांना विचारा. बारा मुलं माझ्याकडे बघत राहिली. वर्गात माझ्याकडे असं कुणी कधी पाहिलेलं नाही. मी खडू घेऊन सिमेंटवर आकृती काढली. बॉलचा मार्ग, कोन, मनगट कुठे, नजर कुठे. तासभर बोललो. मुलं करून बघत होती. एकाचे लागोपाठ पाच आत गेले.

आमच्या मुलांना हेच तीन वर्षं सांगतो आहे. ती जांभया देतात.

परतताना बसमध्ये जाणवलं की आज नक्की काय झालं. पण एक तासात कोण शिकतं?

३० ऑगस्ट, शनिवार

लीगच्या दोन मॅच झाल्या. दोन्ही जिंकलो. दोन्ही मॅचमध्ये निम्म्याहून जास्त पॉइंट एकट्या प्रतापसिंहाचे. शेषगिरीने पेपरात अनपेक्षित असा शब्द वापरला. त्याने मला विचारलं असतं तर माझी अपेक्षा सांगितली असती.

बीच रोडही दोन्ही जिंकलं. अजून कुणी आजारी नाही, कुणाचं लग्नही ठरलेलं नाही. दृष्ट लागायला वेळ लागतो.

स्वेटरची पाठ झाली. रंग विटकरी. अंगाला लावून पाहिली, घामाघूम झालो. म्हणजे उबदार आहे.

१३ सप्टेंबर, शनिवार

बीच रोडशी लीगची मॅच. हरलो. पण फायनलला लीगमधले पहिले दोन जातात, त्यामुळे याला हार म्हणणं बरोबर नाही. मी मुलांना पूर्ण जोर लावू नका असंच सांगणार होतो. राहून गेलं.

१६ सप्टेंबर, मंगळवार

घरी आलो तर अंगणात बीच रोडची अख्खी टीम उभी. ओळीने, पूर्वेकडे तोंड करून. सर्वांत उंच मुलगा कपड्यांच्या दोरीखाली वाकला होता. समोर तुळसी, हातात मीठ, मोहरी, लाल मिरच्या. शेजारी महालक्ष्मी पदर खोचून उभी.

तुळसीच्या हाताला गुण आहे असं आमच्या रस्त्यावरच्या सगळ्यांना वाटतं. रडणारी पोरं, दूध न देणाऱ्या म्हशी, सगळं तिच्याकडे येतं. महालक्ष्मी म्हणाली, भावजी, पहिला नंबर पेपरात आल्यापासून मुलांना धड झोप नाही, अक्काच्या हातून एकदा काढून घेतलेली बरी.

तुळसीने प्रत्येकावरून ओवाळून मिरच्या निखाऱ्यावर टाकल्या. कुणालाही ठसका लागला नाही. दृष्ट असली की मिरचीचा खाट येत नाही, असं म्हणतात. तुळसी म्हणाली, बघा, केवढी लागली होती.

म्हणजे माझी थिअरी अगदी बरोबर होती. ती सिद्ध झाल्याबरोबर माझ्याच बायकोने जाळून टाकली.

रात्री जेवताना विचारलं, आपल्या टीमची का काढली नाहीस? ती म्हणाली, पाचव्या नंबराला कोण दृष्ट लावतंय?

१७ सप्टेंबर, बुधवार

तुळसीशी बोलत नाही.

१८ सप्टेंबर, गुरुवार

तिच्या लक्षात आलेलं नाही. बोलायला सुरुवात केली.

४ ऑक्टोबर, शनिवार

फायनलला पोचलो. आम्ही आणि बीच रोड. शेषगिरीने कॉलेजवर फोन करून अभिनंदन केलं. म्हणाला, सार, पाचव्या नंबरावरून फायनल, आमच्या क्रमवारीची लाजच काढलीत. मी त्याला मोठ्या मनाने माफ केलं. त्याने माझा फोटो मागितला. माझ्याकडे सूट नाही. धोतरातला लग्नाचा फोटो दिला, त्यात तुळसी अर्धी कापावी लागली.

प्रिन्सिपॉलसाहेब भेटले. म्हणाले, वादिराज, पुण्याहून येताना माझ्यासाठी एक पागोटं आणा. म्हणजे आता वरच्या पातळीवरही धरून चालले आहेत.

सान्यांना पागोटी कुठे मिळतात ते विचारलं. ते म्हणाले, आय रिअली डोन्ट नो.

१९ ऑक्टोबर, रविवार

फायनल शनिवारी. परवा आयुधपूजा. आज सासऱ्यांकडे महालक्ष्मी सांगत होती, बीच रोडची मुलं यंदा कॉलेजच्या फाटकाशी दृष्टीचा कोहळा फोडणार. केवढा, ते तिने हात पसरून दाखवलं. सासरे कौतुकाने बघत होते.

मी कोहळा वगैरे मानत नाही. पण संस्थेची प्रतिष्ठा असते.

दुपारीच टी. नगरच्या बाजारात गेलो. महालक्ष्मीने हात पसरले होते तेवढे पसरून दुकानदाराला म्हणालो, याहून मोठा. त्याने आतून एक काढला, तो उचलायला दोन माणसं लागली. बसमध्ये मांडीवर घेऊन बसलो. कंडक्टरने कोहळ्याचं अर्धं तिकीट फाडलं. शेजारच्या बाईंनी विचारलं, घरी लग्न आहे का? मी म्हणालो, फायनल आहे.

२१ ऑक्टोबर, मंगळवार. संध्याकाळ

जे झालं ते क्रमाने लिहितो.

सकाळी पूजा छान झाली. बॉल, पंप, शिट्टी, प्रतापसिंहाचे बूट, सगळं सरस्वतीच्या तसबिरीपुढे ठेवून गंध-कुंकू लावलं. मग फाटकाशी कोहळा. आत कुंकू भरलं, वर कापूर पेटवला, टीमवरून ओवाळला आणि मी स्वतः आपटला. आवाज चांगला झाला. गाय दोरी तोडून पळाली.

वॉचमन झाडू घेऊन आला. फोडलेला कोहळा लगेच बाजूला सारायचा असतो, रस्त्यावर ठेवत नाहीत, असं म्हणाला. मी त्याला थांबवलं. एवढा मोठा कोहळा शहरात दुसऱ्या कुणी फोडला नसणार. येणाऱ्या-जाणाऱ्यांनी पाहायला हवा. राघोत्तम दुपारी प्रसाद घेऊन येणार होता, त्यानेही. म्हणालो, संध्याकाळपर्यंत राहू दे.

ओवाळताना टीममधला एकच मुलगा नव्हता. प्रतापसिंहाला वसतिगृहातल्या पूजेमुळे उशीर झाला. तो सायकलवरून जोरात आला, फाटकात वळला, आणि पुढचं चाक कोहळ्यावर गेलं.

सायकल फाटकाबाहेर सापडली, प्रतापसिंह आत. उठून म्हणाला, सार, काही झालं नाही. मग खाली बसला. घोटा लिंबाएवढा सुजला होता, डॉक्टरकडे पोचेपर्यंत नारळाएवढा. तीन आठवडे पाय टेकायचा नाही.

राघोत्तम आला तो तसाच डॉक्टरकडे धावला. प्रतापसिंहाला त्याने स्वतः पाठीवर घेऊन वसतिगृहात पोचवलं. मला ते सुचण्याआधीच त्याने केलं. नेहमी असंच.

तुळसीने विचारलं, कसा पडला? मी म्हणालो, रस्ता ओला होता. ती म्हणाली, मद्रासमध्ये आज पाऊस नव्हता.

२५ ऑक्टोबर, शनिवार

बीच रोड ३८, विद्याविलास ३५.

पिव्होट नसताना तीन पॉइंटनी हरणं हा एका अर्थी विजय आहे. प्रतापसिंह खुर्चीवर बसून ओरडत होता, त्यानेच मुलं लढली. शेवटच्या दोन मिनिटांपर्यंत आम्ही पुढे होतो. पण मग आमच्या मुलांनी घाबरून फाऊल करायला सुरुवात केली आणि बीच रोडला फ्री थ्रो मिळत गेले.

सात मिळाले. सातही आत. मनगट, नजर, कोन, सगळं आकृतीबरहुकूम. एवढे तंतोतंत फ्री थ्रो मी मद्रासमध्ये पाहिलेले नाहीत.

मॅच संपल्यावर राघोत्तम सगळ्यांदेखत माझ्या पाया पडला. टाळ्या वाजल्या, त्याला.

२७ ऑक्टोबर, सोमवार

पेपरात राघोत्तमची मुलाखत. म्हणतो, या विजयाचं श्रेय माझे थोरले साडू वादिराज यांना, आमच्या मुलांना फ्री थ्रो त्यांनी शिकवले. माझा फोटो अखेर छापून आला. बीच रोडच्या बातमीत.

अकरा वाजता प्रिन्सिपॉलसाहेबांनी बोलावलं. पेपर टेबलावर होता. म्हणाले, वादिराज, तुम्ही पगार कुठल्या कॉलेजचा घेता? मी खेळाडू वृत्तीबद्दल बोललो. त्यांनी पागोट्याचा विषय काढला नाही.

१० नोव्हेंबर, सोमवार. दिवाळी

सासऱ्यांकडे. पहिल्या पानावर राघोत्तम. आता तो युनिव्हर्सिटी टीमचा मॅनेजर, पत्र आलं. मी आपणहून तिसऱ्या पानावर बसलो, म्हणजे कुणी उठवायला नको. तिथे पंखा आणखी लांब.

जेवण अर्ध्यावर आलं आणि राघोत्तम म्हणाला, अण्णा, मला एक असिस्टंट मॅनेजर नेता येतो. तुम्ही चला. माझं मराठी स्वयंपाकघरापुरतं, तुम्ही इतकं मनापासून तयारी केलीत. तुमच्याशिवाय मजा नाही.

माझ्या छातीत काय झालं ते इथे लिहीत नाही. वरवर म्हणालो, छे, मला कुठे सवड.

सासरे म्हणाले, जा की वादिराजा.

मी म्हणालो, नको, टर्मच्या परीक्षा आहेत. आणि पाण्याचं भांडं तोंडाला लावलं, म्हणजे राघोत्तमला तिसऱ्यांदा विचारायला वेळ मिळावा. सावकाश प्यायलो. भांडं संपलं.

राघोत्तम म्हणाला, सरी अण्णा, ठीक आहे. आणि सासूबाईंकडे अप्पळम-पापड मागितला.

११ नोव्हेंबर, मंगळवार

झोप नीट नाही. मुद्दा असा आहे: सासरे बोलले ते दुसऱ्यांदा विचारणं धरायचं का? धरलं तर एकदाच उरतं. न धरलं तर राघोत्तमने एकदाच विचारलं, अजून दोनदा बाकी. काहीही धरलं तरी विचारणा बाकी आहे. हिशेब माझ्या बाजूने आहे.

तुळसी म्हणाली, हो म्हणायचं होतं तर हो म्हणायचं. इतकी वर्षं या घरात राहून ती असं बोलते.

१६ नोव्हेंबर, रविवार

सहज राघोत्तमकडे गेलो. बोलण्याच्या ओघात सांगितलं की परीक्षेच्या सुपरव्हिजनला दुसरा माणूस मिळाला आहे, प्रिन्सिपॉलसाहेबांची हरकत नाही, तुळसी स्वेटर विणतेच आहे, तब्येत उत्तम आहे. तो म्हणाला, वा, मग डिसेंबरात तुम्हाला चांगली विश्रांती मिळेल.

महालक्ष्मीने विचारलं, भावजी, कॉफी? सवयीने नको म्हटलं. या घरात दुसऱ्यांदा विचारत नाहीत हे विसरलो. कॉफीशिवाय तासभर बसलो. वास छान येत होता.

परतताना संकल्प केला: यापुढे पहिल्याच विचारण्याला हो.

२३ नोव्हेंबर, रविवार

राघोत्तम आला होता. संकल्पाप्रमाणे तयार होतो. त्याने विचारलं, अण्णा, तुमच्याकडे होल्डॉल आहे का, मला प्रवासाला हवा होता. मी पहिल्याच शब्दाला हो म्हणालो.

३० नोव्हेंबर, रविवार

असिस्टंट मॅनेजर ठरला. सासरे.

महालक्ष्मीने येऊन सांगितलं. राघोत्तमने त्यांना काल सहज विचारलं, आणि वाक्य पुरं व्हायच्या आत ते हो म्हणाले. सासूबाई म्हणाल्या, अहो, थोडे तरी आढेवेढे घ्या. ते म्हणाले, सत्तरी आली, मला तिसऱ्यांदा विचारेपर्यंत गाडी थांबेल याचा काय भरवसा?

बास्केटबॉलची एकही मॅच न पाहिलेला माणूस. मॅनेजरला विचारलं पाहिजे की निवडीची कसोटी काय होती. विचारणार नाही. मत्सर केल्यासारखं दिसेल.

त्यांचेही पूर्वज तिकडचेच, हे खरं आहे. कालपासून ते सायंकाळी मांबलमहून आमच्या शेजारी सान्यांकडे येऊन बसतात. साने त्यांच्याशी मराठीत बोलतात.

७ डिसेंबर, रविवार

स्वेटर पुरा झाला. तुळसीने तो बाबांना दिला. म्हणाली, मद्रासमध्ये तुम्ही काय करणार त्याचं? सासऱ्यांनी घालून दाखवला. खांद्यांत सैल होतो, बाह्या बोटांवर येतात. मापाचा नाही, हे मी दोनदा सांगितलं. त्यांनी बाह्या दुमडल्या आणि म्हणाले, आता बघ.

१२ डिसेंबर, शुक्रवार. सकाळ

आज संध्याकाळी सेंट्रलवरून टीम निघते. मी सोडायला जाणार.

नीट विचार केला आहे. सासरे सत्तरीचे. दोन रात्रींचा प्रवास, थर्ड क्लास, बारा तरुण मुलं. प्लॅटफॉर्मवर गर्दी पाहून त्यांचा विचार बदलू शकतो. सासूबाईंना ऐनवेळी रडू येऊ शकतं. अशा वेळी राघोत्तमपुढे एकच अनुभवी माणूस उभा असेल. माझा अंदाज असा की तो विचारेल. माझे जुलैपासूनचे अंदाज बहुतेक बरोबरच होते, परिस्थिती आड आली.

म्हणून पत्र्याची पेटी भरून ठेवली. दोन धोतरं, तीन शर्ट, दाढीचं सामान, ही रोजनिशी.

दुपार

तुळसीने पेटी पाहिली. म्हणाली, सोडायला जाताना पेटी कशाला? मी म्हणालो, प्लॅटफॉर्मवर बसायला. तिने पेटीचं झाकण उघडलं. हसली नाही. म्हणाली, नेताच आहात तर बाबांचा आणि मुलांचा फराळ हिच्यात ठेवते, इतके डबे हातात कसे न्यायचे?

ठेवले. चकलीचा मोठा, चिंचेच्या भाताचे दोन, लाडवांचा एक, लोणच्याची बरणी मधोमध. धोतरं आणि शर्ट खुंटीवर परत गेले. दाढीचं सामान ठेवायला जागा आहे का विचारलं. नव्हती. रोजनिशी खिशात ठेवतो.

चार वाजता निघायचं. पेटी जड झाली आहे, पण ती मीच उचलणार. गाडी सुटायच्या आत राघोत्तम विचारेल. या वेळी पहिल्या शब्दाला हो. कपडे पुण्यात घेता येतील. दुकानदाराशी बोलायची काही अडचण नाही, मराठी येतेच मला.